आमच्या अंगणातली तांबडी रेघ

मला कुणी पत्ता विचारला की नुसता पत्ता सांगून माझे भागत नाही. वाटेत लागणारे वड, पिंपळ, कुणाचे कोण कधी मुंबईला गेले, हे सगळे मी त्याच्या झोळीत घालतो. बाजारात माझे वह्यापेनांचे दुकान आहे. बायको म्हणते, तिथे पेन घ्यायला आलेला माणूस पेन विसरतो आणि आमच्या घराण्याचा इतिहास घेऊन घरी जातो. या स्वभावाने आजवर कुणाचे काही बिघडले नव्हते. त्या वर्षी आमचेच बिघडले.

मार्गशीर्षातली सकाळ होती. अंगणभर उकड्या तांदळासाठी उकडलेले भात वाळत घातलेले आणि बायको पायांनी ते परतत फिरत होती. बेड्याबाहेर दोन तरुण येऊन उभे राहिले. आमच्याकडे अंगणाभोवती चिऱ्यांचा गडगा असतो, आणि आत यायला जागा सोडलेली असते तिथे दोन दगडी खांब उभे करून त्यांच्या भोकांतून आडवे बांबू सरकवतात. त्या बांबूंना आडे म्हणायचे आणि त्या सगळ्या प्रकाराला बेडे. माणूस आडे सरकवून आत येतो, गुरे बाहेर राहतात.

पोरांपैकी एकाच्या खांद्यावर तिवई होती, दुसऱ्याच्या हातात टॅब. टॅबवाला घाटावरचा, बोलायला अगदी गोड. "काका, नगरपंचायतीकडून आलोय. विकास आराखडा करायचाय. सध्या काय काय आहे त्याचा आधी नकाशा करतोय. घरं, विहिरी, शेती, वाटा."

आमच्या गावाची नगरपंचायत होऊन थोडीच वर्षे झाली होती. दिवे आले, घरपट्टी वाढली, यापलीकडे तिचा अर्थ आम्हाला कळलेला नव्हता. मी त्यांना आत घेतले, कोकमाचे सरबत दिले. टॅबवाल्याने विचारले, "ही बेड्यातून आत येणारी वाट पुढे कुठं जाते?"

वाट म्हणजे काय, पायवाट. बेड्यातून अंगणात, तिथून विहीर आणि स्वयंपाकघर यांच्या मधून मागच्या माडांत, आणि माडांतून खाली दर्यावर. एवढे सांगून थांबलो असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण मी म्हणालो, "ही? अहो, ही देवाची वाट! शिमग्यात गावच्या देवाची पालखी इथून जाते. पालखी आमच्या अंगणात टेकते, पूर्वीपासूनचा मान आहे. सगळ्या गावची वाट म्हणा ना!"

"म्हणजे सार्वजनिक?"

"सार्वजनिक म्हणजे काय, एकदम सार्वजनिक. घ्या लिहून."

घ्या लिहून, हे मी म्हणालो. कुणी माझ्या गळ्याला कोयती लावली नव्हती.

भातातून बायकोचा आवाज आला, "सरबत देवन झाला मा? आता गप रवा." पण तोवर त्या पोराने टॅबवर बोट टेकवले होते. हलकेच, कुंकू लावावे तसे. ते बोट मला अजून दिसते.

नकाशा लागला तो आंबे उतरायच्या दिवसांत. मला तो आधी टीचरकडून कळला. टीचर म्हणजे आमच्या गडग्यापलीकडच्या शेजारीण. त्यांचे अर्धे गणगोत गोव्यात, त्या मात्र इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. मीही त्यांच्या हाताखालून गेलो, म्हणून अजून मला अरे-तुरे करतात आणि माझी चूक दिसली की त्यांचा आवाज तसाच वर चढतो. त्या बाजारातून येताना नगरपंचायतीत डोकावल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, तुझ्या पडवेर तांबडी रेघ आसा मरे!"

मी हसलो. शाळेच्या मुलांना कोरे नकाशे विकण्यात माझे आयुष्य गेले आहे. नकाशातल्या रेघेला घाबरणारा मी नव्हे, असे मी म्हणालोसुद्धा. मग शटर ओढले आणि जवळजवळ धावत गेलो.

भिंतभर नकाशा. पिवळे म्हणजे घरे, हिरवी शेती, निळा समुद्र, तेवढे मला कळले. आमचे घर काही सापडेना. जन्म घेतला ते घर माणसाला नकाशात सापडू नये, आणि त्याने नकाशाचा धंदा करावा! शेवटी टीचरनी छत्रीचे टोक टेकवून दाखवले. मोठ्या रस्त्यापासून दर्यापर्यंत दोन तांबड्या समांतर रेघा ओढलेल्या होत्या. त्यांच्या मधे लिहिले होते, प्रस्तावित रस्ता, बारा मीटर. आणि त्या दोन रेघांच्या मधे, चिमटीत मुंगी धरावी तसे, आमचे घर होते.

तिथला कर्मचारी समजुतीने बोलला. "काका, नवा रस्ता काढायचा तर लोकांच्या चांगल्या जमिनी जातात. इथं वाट आधीपासून आहे. पाहणीत तशी नोंद आहे, सार्वजनिक. म्हणून तीच रुंद केली. समुद्राकडे जायला गावाला रस्ता नको का?"

त्याचे बोलणे इतके बरोबर होते की मला भीतीच वाटली. कुणी दांडगाई करत असता तर भांडता आले असते. हा तर माझेच वाक्य मला वाचून दाखवत होता. पर्यटक आले पाहिजेत, दर्यावर धड रस्ता पाहिजे, हे दुकानात बसून रोज बोलणारा माणूसही मीच.

"प्रारूप आहे अजून," तो म्हणाला. "महिन्याभरात हरकत द्या. सुनावणी होईल. मग शासनाकडे जाईल."

घरी येऊन मी कुणाशी न बोलता काथ्याची दोरी काढली. बायको अंगणात कोकमाची सोलां वाळत घालत होती. तिचे सगळे काम त्या अंगणात चालते. थंडीत उकडा, उन्हाळ्यात सोलां आणि फणसपोळीची साटं, मग कुळीथ. तिची सोलां मसुऱ्याच्या बाजारापर्यंत जातात. मी पायवाटेच्या मधोमध खुंटी मारली आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर दोरी ताणत गेलो. एका बाजूला तुळस ओलांडली, पडवी ओलांडली, आणि दोरीचे टोक स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत जायला बघू लागले. खिडकीतून हात घालून मी ते आत टेकवले. ते चुलीच्या पुढ्यात आले. दुसऱ्या बाजूला विहीर गेली.

बायको हातातले सूप घेऊन माझ्याकडे बघत उभी होती.

"ह्या काय?"

"रस्तो."

"खंय?"

मी दोरी दाखवली. ती खाली बसली, दोरी उचलून बघितली, जणू दोरीचाच काही दोष असावा. मग म्हणाली, "तुमका सांगी होतंय, गप रवा." एवढेच. आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. तिने सोलां भरली आणि दोरीच्या पलीकडे, जिथे रस्ता पोचत नव्हता त्या कोपऱ्यात, नव्याने पसरली.

भीतीचे एक आहे. ती आली की घरातल्या साध्या कामांना हात लावू देत नाही. पावसाआधी नळे परतायचे असतात, फुटलेले काढून छप्पर नीट रचायचे असते. मी माणसे सांगितलीच नाहीत. जे घर पडायचे त्याचे नळे कशाला परता? मग वाटे, परतले नाहीत तर आपणच पाडायला सुरुवात केली असे होईल. असे करता करता पाऊस आला आणि तांदळाच्या कणगीवर गळू लागला. न्हाणीघर नवे बांधायचे होते, त्याच्या परवानगीला गेलो तर उत्तर मिळाले, आराखडा मंजूर होईपर्यंत थांबा. चुना लावायचा राहिला. घर आजारी माणसासारखे दिसायला लागले आणि मी त्याच्याकडे बघायचे टाळू लागलो.

मधेच एक पांढरी गाडी बेड्याबाहेर थांबू लागली. आतली माणसे उतरत, गडग्याला टेकून उभी राहत. आमच्या घराकडे ती बघतच नसत. घराच्या वरून, माडांच्या मधून दिसणाऱ्या समुद्राकडे बघत. तमाशात पुढे कोणी उभा राहिला तर मागचा माणूस त्याच्या डोक्यावरून बघतो, तसे. एकदा त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "रस्ता झाला की सोनं आहे हो इथं." मी दात काढून हसलो. का हसलो कोण जाणे. भ्यालो की मला हसू येते, ही माझी जुनी खोड.

हरकत लिहायची म्हणजे एकच गोष्ट लिहायची होती. वाट गावची नाही, आमची आहे. आणि तीच माझ्याने लिहवत नव्हती.

कारण पालखी. अंगणात पालखी टेकण्याचा मान आमच्या घराला आहे, आणि असा मान आपल्याकडे असावा असे वाटणारी घरे गावात पुष्कळ आहेत. पालखीबरोबर देवळाचे मुख्य मानकरी येतात; सगळा गाव त्यांना नुसते मानकरी म्हणतो. वयाने मोठे, बोलायला थोडे, आणि एकदा मनात धरले की सोडत नाहीत. वाट गावची नाही असे मी सरकारी कागदावर लिहून दिले आणि मानकऱ्यांनी विचारले, "मग देव कसो येतलो तुमच्यात?" तर? रस्ता आला तर अंगण जाणार. रस्ता अडवला तर देव जाणार. दोन्हीकडून मीच कापला जात होतो, आणि सुरी मीच धार लावून दिलेली.

"लिवा," बायको म्हणाली. "देवाचा मी बघतंय."

"काय बघतलंस?"

"लिवा म्हणतंय मा."

मुदत संपायच्या आत लिहिले.

सुनावणी चतुर्थीनंतर झाली. नगरपंचायतीच्या सभागृहात टेबलामागे समिती, मधे एक अधिकारी मॅडम. समोर आम्ही, लग्नात पंगतीची वाट बघत बसतात तसे, पण प्रत्येकाच्या हातात हरकतीचा कागद. माझ्या आधी एकजण होता, त्याच्या काजूच्या बागेवर शाळेचे आरक्षण पडले होते. तो बोलायला उठला, दोन वाक्ये बोलला आणि रडायलाच लागला. मॅडमनी त्याला पाणी दिले, म्हणणे नोंदवून घेतले आणि पुढचे नाव पुकारले. एवढ्यात संपते हे सगळे, हे बघून मी माझा कागद पुन्हा एकदा वाचून काढला.

बायको आणि टीचर माझ्या मागच्याच रांगेत होत्या. आणि त्यांच्यामागे मानकरी. ते स्वतःच्या कामाला आले होते. देवळाच्या राईवर गाड्या लावायची जागा दाखवली होती. मी मान वळवली नाही, पण ते तिथे आहेत हे माझ्या मानेला कळत होते.

"तुमचं म्हणणं, ही वाट सार्वजनिक नाही," मॅडम म्हणाल्या. "पण पाहणीच्या वेळी तुम्हीच तशी माहिती दिलीत."

"हो."

"पालखी इथून जाते?"

"जाते."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"कुणी अडवत नाही?"

"नाही. म्हणजे, देव बाहेर उभा राहतो."

"का?"

"बेड्याला आडा असतो ना."

"म्हणजे तुम्ही अडवता?"

"मी नाही. बायको."

सभागृह हसले. मीही हसलो, वर सांगितलेल्या खोडीप्रमाणे. मॅडम मात्र हसल्या नाहीत, म्हणाल्या, "नीट सांगा."

आता माझे असे झाले की तोंड थांबेना. दुकानात होते तसेच, फक्त भीतीने. मी सांगत सुटलो. वरचा आडा घरच्या बाईने काढायचा. पुरुषाने हात लावायचा नाही, बाकीचे आडे तो नंतर सरकवील. ती काढेपर्यंत पालखी बेड्याबाहेर. पूर्वी आई काढायची, आता ही काढते. एक वर्ष आई तापाने फणफणली होती तर ढोल थांबवून पालखी खांद्यावर घेऊन माणसे तशीच उभी राहिली, आणि आईला दोघांनी धरून बेड्यापर्यंत आणले. देव आत येऊन गेला की आडे परत घालायचे. "रस्त्याला बेडं नसतं, मॅडम," असे काहीतरी म्हणालो आणि मग श्वास संपला.

मॅडमनी लिहिणे थांबवले. "म्हणजे देवसुद्धा परवानगीनं येतो?"

हे मला कधी सुचले नव्हते. मी मान डोलावली.

"मग स्पष्ट सांगा. वाट गावची आहे की तुमची?"

मागे खुर्ची करकरली. मानकऱ्यांची असणार. माझा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा निघाला. "गावची नाही. आमची आहे."

"ठीक. मग गडग्याच्या पलीकडून रस्ता नेला तर तुमची हरकत नाही?"

पलीकडे म्हणजे टीचरचे अंगण. त्यांच्या दारातला खुरीस, म्हणजे क्रूस, जिथे मे महिन्यात सगळे ख्रिस्ती शेजारी मिळून लादीन, म्हणजे प्रार्थना, गातात. नुसते "नाही" म्हटले असते तर माझी चूल वाचली असती. मी मोठ्या मनाचा माणूस नाही. तो शब्द माझ्या जिभेवर आलाही होता. पण टीचर मागेच बसल्या होत्या, आणि माझी छत्री सांभाळायला मी त्यांच्याच हातात दिली होती.

"आहे, मॅडम. तिकडे तर पायवाटसुद्धा नाही."

"मग रस्ता न्यायचा कुठून?"

मी हातातला कागद उलटून बघितला. मॅडमनी माझ्या मागे बसलेल्या मानकऱ्यांना विचारले, "हे आड्याचं सांगतात ते खरं?"

मानकरी उठले. मग म्हणाले, "खरा ता." आणि बसले.

म्हणणे नोंदवले गेले. बाहेर व्हरांड्यात मी छत्री घेत होतो तेव्हा मानकरी जवळून गेले, दोन पावले पुढे जाऊन थांबले. "वाट गावची नाय म्हणालंस, ता माका बरा वाटूक नाय," ते म्हणाले. "शिमग्याक बघूया."

"काय बघूया?" हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून शिमग्यापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नकाशातली रेघ शासनाकडे गेली होती, तिचे काय व्हायचे ते तिकडे होणार होते. आता तिच्याहून मोठी भीती घरात येऊन बसली. पालखी यंदा बेड्यावरून सरळ पुढे गेली तर? आईच्या वेळेपासून न चुकलेला देव माझ्या कारकिर्दीत चुकला तर, बाजारात दुकान उघडून बसायचे कोणत्या तोंडाने? मी बायकोला रोज विचारी, "येतली मा?" ती म्हणे, "तुमी दुकान बघा."

शिमग्यात आमच्याकडे पालखी यायचा दिवस उजाडला. बायकोने अंगण सारवले, रेघ आणि दोरी जणू कधी नव्हतीच अशा रीतीने सगळेच्या सगळे, विहिरीपासून पडवीपर्यंत. रांगोळीचे कणे काढले. दिवस कलला तसे ढोल ऐकू यायला लागले. आधी वरच्या वाडीत, मग जवळ, मग टीचरच्या गडग्याशी. तिथे टीचर तेल आणि नारळ घेऊन उभ्या असतात, पालखी क्षणभर थांबते. तिथे ढोल थांबले, आणि परत वाजेनात.

मी पडवीच्या खांबाला धरून उभा होतो. घामाने खांब ओला झाला. बायको बेड्यापाशी, आड्याजवळ, पण हात न लावता. तिकडे माणसांचे बोलणे ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते. पालखी वळवताहेत, असे मला नक्की वाटले.

मग ढोल वाजले आणि पालखी आमच्या बेड्यासमोर आली. पुढे मानकरी. दर वर्षी या वेळी कुणी काही बोलत नाही. बायको आडा काढते आणि देव आत येतो. त्या दिवशी मानकऱ्यांनी हात वर करून ढोल थांबवले. गडग्यापलीकडे सगळा गाव उभा. मानकरी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते तिला म्हणाले, "घरकारणी, देव इलो हा. येव काय आत?"

हा टोमणा होता की मान, मला आजतागायत कळलेले नाही. तेव्हा तर माझ्या कानांत नुसता समुद्र वाजत होता.

बायकोने पदर नीट घेतला. दोन्ही हातांनी वरचा आडा सरकवला, काढून गडग्याला टेकवला आणि म्हणाली, "येवा."

खालचे आडे मी सरकवले. एक माझ्याच पायावर पडला. पालखी आत आली, तुळशीपाशी टेकली, नारळ झाला, आणि विहीर नि चूल यांच्या मधल्या त्या पायवाटेने, नकाशावर बारा मीटर झालेल्या त्या हातभर वाटेने, माडांतून दर्याकडे गेली. मंजुरी अजून आलेली नाही. रेघ पुसली गेली की तशीच आहे, हे नगरपंचायतीत कुणी सांगत नाही. पांढरी गाडी अजून अधूनमधून थांबते.

पण त्या संध्याकाळी, ढोल लांब गेल्यावर, माझा जीव जागेवर आला आणि लगेच स्वभावही. मी बायकोला म्हणालो, "बघलंस? समितीसमोर आड्याचा कसा सांगलंय मी! मानकऱ्यांकपण विचारूक लागला."

ती अंगणातले नारळाचे तुकडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "देवान सुद्धा माका इचारल्यान. तुमी ह्या आंगण गावाक देवन टाकलात, तेव्हा इचारलात?" आणि थोड्या वेळाने, "ते आडे घाला आता. ढोरां आत येतली."